खोक्यावरची चिठ्ठी वाचलीत का?

बालमित्रांनो, घरी कुरिअरनं खोकं आलं की तुम्ही आधी काय करता? टर्रकन चिकटपट्टी ओढता, हो ना? आज जरा दम धरा. आधी खोक्यावरची चिठ्ठी वाचू या.

पत्त्याच्या शेवटी सहा आकडे दिसतात. तो पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 रोजी तो आपल्या देशात सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, बरं का! टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात तो 4 असतो. शेवटचे तीन आकडे तुमचं पोस्ट ऑफिस दाखवतात. त्यामुळे तुमच्या गावाचं नावही न ऐकलेला माणूस तुमचं खोकं बरोबर वाटेला लावतो.

हा माणूस असतो कुठे? समजा, भिवंडीत. हे गाव यंत्रमागांचं म्हणून प्रसिद्ध. आता मुंबई-नाशिक महामार्गालगत तिथे भलीमोठी गोदामं उभी आहेत. आत कुणी मांडण्यांमधून फिरून वस्तू शोधून आणतो, कुणी ती खोक्यात भरतो, कुणी चिठ्ठी चिकटवतो, कुणी पिनकोड बघून वाटणी करतो, तर कुणी गाडीत माल चढवतो. दिवसभर उभ्यानं काम! रात्रपाळी असते ती वेगळीच.

चिठ्ठीवरच्या काळ्या रेघांवर स्कॅनर धरला की 'टीप्' वाजतं. खोकं कुठवर आलं ते संगणकाला कळतं. पण त्याच 'टीप्'वरून कामगारानं तासाभरात किती खोकी हातावेगळी केली, हेही मोजता येतं!

2024 साली हरियाणातल्या मानेसरच्या एका गोदामाची बातमी आली होती. 24 फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली, असं त्यात म्हटलं होतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं त्याची दखल घेऊन केंद्र सरकारकडे अहवाल मागितला.

स्कॅनरला तहान लागत नाही, माणसाला लागते. 'आजच्या आज पाहिजे' असा हट्ट धरताना एवढं आठवा. वस्तू दोन दिवसांनी आली तर आपलं काही अडतं का? पत्ता पिनकोडसकट पूर्ण लिहा, म्हणजे कुणाला दुप्पट हेलपाटा पडणार नाही. आणि खोकं घेऊन दारात आलेल्या काकांना विचारा, "काका, पाणी देऊ?"

मग खुशाल चिकटपट्टी फाडा! भेटू पुढच्या आठवड्यात.