रहस्यकथा आणि दुसरी किल्ली

चारबाग स्थानकाची इमारत उंचावरून पाहिली, तर तिचे घुमट आणि मिनार बुद्धिबळाच्या पटावरील मोहऱ्यांसारखे दिसतात, असे लखनौकर कौतुकाने सांगतात. 1914 साली पायाभरणी झालेल्या या वास्तूच्या परिसरात माझी बदली झाली, तेव्हा पुष्पक एक्सप्रेसमधून आणलेल्या सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकेच अधिक होती आणि त्यांतील निम्मी रहस्यकथांची. हा छंद घरातूनच आला. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे आजोबांचे सोबती, तर सुहास शिरवळकर वडिलांच्या पिढीचे. येथे आल्यावर कळले की, उत्तर प्रदेशातही ही परंपरा तितकीच समृद्ध आहे. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ 1952 मध्ये अलाहाबादेत सुरू झाली, तर वेदप्रकाश शर्मा यांच्या ‘वर्दी वाला गुंडा’ने रेल्वे फलाटांवरील पुस्तकांची दुकाने गाजविली.

रहस्यकथा म्हणजे हलके मनोरंजन, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला ते मत मान्य नाही. उत्तम रहस्यकथेत रक्तपात नसतो, तर हिशेब असतो. कोणाला, काय, केव्हा ठाऊक होते, हा लेखापरीक्षकाचा प्रश्न हाच तिचाही प्राण होय. निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये हिंदीत आणलेला मूळ मल्याळम ‘दृश्यम’ पाहा. नायकाचे सारे बळ कशात आहे, तर तिकिटे, पावत्या आणि माणसांच्या स्मरणात पेरलेल्या तारखांत. श्रीराम राघवन यांचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (2018) प्रेक्षकाला डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे शिकवितो. ‘स्कॅम 1992’ ही 2020 मधील मालिका तर प्रत्येक बँक कर्मचाऱ्याने पाहावी. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात प्रत्यक्ष रोख्याऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती दिली जाई. पावतीमागे रोखे आहेत की नाहीत, हे तपासण्याचे राहून गेले आणि त्यातून केवढा अनर्थ झाला, हे ती मालिका दाखविते. त्या तुलनेत हल्लीच्या कित्येक वेबमालिका दोन तासांचे कथानक आठ भागांत ताणतात आणि तर्काची उणीव शिव्यांनी भरून काढतात, असे खेदाने म्हणावे लागते.

इतके पाहून-वाचून आपण सावध झालो आहोत, असा माझा समज होता. एका प्रसंगाने तो दूर झाला.

आमच्या शाखेत येणारे एक निवृत्त शिक्षक जासूसी कादंबऱ्यांचे निष्ठावंत वाचक. आम्ही त्यांना ‘मास्टरसाहब’ म्हणतो. पासबुक भरण्यास आले की, खुनी कोण यावर दहा मिनिटे आमची चर्चा ठरलेली. एके दिवशी ते मुदत ठेव मोडून आरटीजीएस करण्यास आले. चर्चा नाही, नजरेला नजर नाही. खिशातील फोन मात्र चालू दिसला. मी चिठ्ठीवर लिहिले, ‘कोणी ऐकत आहे का?’ त्यांनी मान हलविली. फोन बंद करविला, तेव्हा उलगडा झाला. स्वतःला पोलीस अधिकारी म्हणविणाऱ्या कोणी व्हिडिओ कॉलवरून त्यांना दोन दिवस ‘डिजिटल अटके’त ठेवले होते. ठेव वाचली. परंतु आदल्या दिवशी त्यांच्या बचत खात्यातून गेलेली रक्कम माझ्याच टेबलावरून गेली होती. अर्ज पूर्ण होता, सही जुळत होती. मी मान वर करून पाहिलेच नाही. 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदविली, तरी त्यातील थोडीच रक्कम गोठविता आली.

रहस्यकथांत मुरलेला माणूस फसला कसा, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर असे सुचते, की कथा वाचताना आपण बाहेर असतो. पुस्तक मिटून विचार करता येतो. भामटा आपल्याला कथेतील पात्र करतो आणि पुस्तक मिटू देत नाही. भीती, घाई आणि ‘कोणास सांगू नका’ ही ताकीद, एवढ्या तीन साधनांवर त्याचा खेळ चालतो. वास्तविक ‘डिजिटल अटक’ अशी तरतूद आपल्या कायद्यात मुळीच नाही. परंतु भ्यालेल्या मनाला कायदा आठवत नाही.

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. यात कोणावर अविश्वास नाही. एकटा माणूस चुकू शकतो, एवढीच कबुली आहे. प्रत्येक घरानेही अशी दुसरी किल्ली ठेवावी, असे मला वाटते. मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी मुलगा, सून, शेजारी किंवा शाखेतील अधिकारी यांपैकी एकास तरी सांगावे. ‘कोणास सांगू नका’ असे कोणी बजावले, की तेथेच सांगावे. आणि आम्ही अधिकाऱ्यांनी सहीबरोबर चेहराही पाहावा.

मास्टरसाहब पुन्हा येऊ लागले आहेत. परवा त्यांनी एक जुनी कादंबरी दिली आणि शेवट सांगू का, म्हणून विचारले. मी नको म्हटले. कथेतले रहस्य शेवटपर्यंत राखावे, व्यवहारातले मात्र लगेच कोणाला तरी सांगून टाकावे.