गाडीची उंची आणि समाजाचा भुर्दंड

पिकअप ट्रक जमिनीपासून उचलून घेण्याची अमेरिकेतील हौस जुनी आहे. ती आता आपल्याकडेही रुजली आहे. नवल असे, की ज्या एसयूव्हीत इंजिनाची शक्ती केवळ दोनच चाकांना मिळते, त्याही दोन-तीन इंच उंच करून घेतल्या जातात. फोर-व्हील-ड्राइव्हसाठी नावाजलेली थार जानेवारी 2023 पासून टू-व्हील-ड्राइव्ह स्वरूपातही मिळू लागली. दिमाख आणि क्षमता यांची फारकत बाजाराने अशी उघडपणे मान्य केली आहे.

केवळ मागच्या चाकांना शक्ती मिळणारी टू-व्हील-ड्राइव्ह गाडी उंच करणे तुलनेने सोपे. पुढच्या चाकांना शक्ती पोचविणारे शाफ्ट नसल्याने स्प्रिंगवर जाड चकत्या आणि मागे पाटे असल्यास त्याखाली ठोकळे बसविले की काम भागते. परंतु हाती काय लागते? गाडीचा सांगाडा वर जातो. मागच्या अखंड ॲक्सलवरील डिफरन्शियल मात्र होते तिथेच राहते. ते वर न्यायचे तर मोठे टायरच हवेत. चाकांची पकडही वाढत नाही. चिखलात मागचे चाक गरगरू लागले, की उंच गाडीही ठेंगण्या गाडीसारखीच रुतते.

याउलट जोखीम निश्चित वाढते. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, की गाडीच्या स्थैर्याचे माप मिळते. अंतर 150 सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य 70 सेंटीमीटरवर असल्यास हे माप 1.07 येते, गुरुत्वमध्य 5 सेंटीमीटर वर सरकताच ते 1 वर उतरते. जितके माप कमी, तितकी गाडी उलटण्याची शक्यता अधिक. हेडलाइटचा झोत नव्याने जुळविला नाही, तर तो समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. टक्कर झाल्यास उंच बंपर लहान मोटारीच्या संरक्षक भागावरून थेट वर चढतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा खासगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील अंतराचा नमुना होय. मिरवतो एक, भोगतो दुसराच.

कायदा याबाबत मुका नाही. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मान्य नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंडाची, तसेच सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. तरीही उंची वाढविण्याचे साहित्य उघड विकले जाते.

तथापि, सारा दोष हौसेच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात रस्तोरस्ती अरुंद, उभट उंचवटे आणि त्यांच्या जोडीला खड्डे आढळतात. तळ घासण्याच्या भीतीने गाडी उंच करणारा नागरिक सार्वजनिक त्रुटीवर खासगी इलाज शोधत असतो. ज्याला तो परवडत नाही, त्याच्या वाट्याला खड्डाही येतो आणि उंच गाडीचा धोकाही.

म्हणूनच शासनाने दोन्ही टोकांनी हात घातला पाहिजे. चाचणी न झालेल्या साहित्याच्या विक्रीस आळा बसावा आणि परिवहन कार्यालयाच्या तपासणीत गाडीची उंची व दिव्यांचा झोत प्रत्यक्ष मोजला जावा. त्याचबरोबर मानकाबाहेरचे गतिरोधक हटविण्याची मुदत रस्ते खात्यावर बांधली जावी. रस्ता सपाट करण्याचे कर्तव्य टाळून केवळ गाड्या खाली आणू पाहणारे शासन नागरिकांचा विश्वास मिळवू शकणार नाही.