खिशात फुटणारी बॅटरी आणि 'निष्काळजी' ग्राहक

ई-सिगारेट बिघडून होणाऱ्या इजा तीन प्रकारच्या असतात. ज्वाळेने भाजणे, बॅटरीतल्या रसायनाने त्वचा जळणे आणि स्फोटाच्या दणक्याने दात, जबडा किंवा हात जायबंदी होणे. अमेरिकेत सिएटल शहरातल्या एका जळीत केंद्रात ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या काळात असे १५ रुग्ण दाखल झाले. निम्म्याहून अधिक जणांची मांडी किंवा जांघ भाजली होती. रासायनिक जखम जास्त फसवी असते. लिथियम बॅटरीतल्या द्रावाचा ओलाव्याशी संबंध आला की त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होऊ शकते. म्हणून अशी जखम धुण्याआधी तिचा सामू तपासावा, असे काही जळीततज्ज्ञ सांगतात.

या इजांवर एक ठरावीक उत्तर हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते. फुटतात त्या मोजक्या. फुटतात त्याही वापरणाऱ्याच्या गाढवपणाने. मोबाइलही फुटतातच की! आणि खरी सिगारेट लाखोंचे बळी घेत असताना ई-सिगारेटच्या स्फोटांचा गवगवा करणे म्हणजे सिगारेट कंपन्यांचीच हमाली. चार वाक्यांत विषय मिटतो, भाजलेली मांडी तेवढी मागे उरते.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढता येतो. सिगारेटने माणसे मरतात हे खरे, पण त्याने कुणाची बॅटरी सुरक्षित होत नाही. 'मोजक्या' या शब्दालाही आधार नाही. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या १९५ घटना आणि १३३ जखमी नोंदवले, पण ती मोजणी मुख्यतः बातम्यांच्या कात्रणांवरून झाली होती. पुढे रुग्णालयांच्या नोंदींवरून संशोधकांनी अंदाज बांधला, तेव्हा २०१५ ते २०१७ या तीनच वर्षांत अमेरिकेतल्या आपत्कालीन कक्षांत अशा २,०३५ इजा आल्या असाव्यात, असे दिसले. नीट मोजायचे नाही आणि मग आकडा लहान आहे म्हणायचे, हा हिशेब सोयीचा आहे.

खरा घोळ आहे तो 'वापरणाऱ्याची चूक' या मुद्द्यात. वरच्या १९५ घटनांपैकी ६१ वेळा ई-सिगारेट किंवा तिची बॅटरी खिशात होती, ६० वेळा ती ओढली जात होती आणि ४८ वेळा चार्जिंगला लावलेली होती. खिशात ठेवण्याजोगी वस्तू खिशात ठेवली, ओढण्याची वस्तू ओढली, चार्ज करण्याची वस्तू चार्ज केली. एवढ्यावर गाढव ठरायचे, तर शहाण्या ग्राहकाने ती विकत घेऊन तिजोरीतच ठेवायला हवी.

सुटा सेल नाणी-किल्ल्यांबरोबर खिशात टाकला की त्याची दोन्ही टोके धातूने जोडली जातात, शॉर्टसर्किट होते आणि पॅंट पेटते. ही चूक ग्राहकाचीच, असे म्हणता येईल. पण हा सेल सुटा त्याच्या हाती आला कसा? अनेक मोठ्या ई-सिगारेटींत '१८६५०' नावाचा, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल काढता-घालता येतो. हा सेल मुळात बॅटरी-संचात बसवण्याचा औद्योगिक सुटा भाग आहे, ग्राहकाला सुटा विकण्यासाठी तो बनवलेला नाही, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये दिला. सुटा विकायचा नाही तो सेल लागेल असे यंत्र बनवायचे, शेजारच्या काउंटरवर तोच सेल मांडायचा आणि तो फुटला की ग्राहकाच्या खिशातली चिल्लर दाखवायची.

सेल तापला की आतला पातळ पडदा वितळतो, दोन्ही विद्युतअग्रे एकमेकांना भिडतात, उष्णतेने आणखी उष्णता निर्माण होत जाते आणि ज्वालाग्राही द्रावाची वाफ वाट शोधू लागते. ई-सिगारेट बहुधा नळीच्या आकाराची असते आणि नळीची कमकुवत जागा तिच्या टोकांशी. त्यामुळे दाब एका टोकाने सुटतो आणि यंत्र अग्निबाणासारखे उडते. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात ३८ वर्षांच्या एका माणसाच्या कवटीत असेच तुकडे घुसले. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये २४ वर्षांच्या तरुणाच्या मानेतली रोहिणी तुटली. दोघेही मेले. मोबाइलशी तुलना करणाऱ्यांनी निदान एवढे पाहावे की फोनची चपटी बॅटरी बहुधा फुगून बाजूने फाटते आणि फोन कुणी दातांत धरत नाही. शिवाय २०१६ मध्ये एका नामांकित फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा कंपनीने लाखो फोन परत मागवले. 'तुम्हीच नीट वापरा' असे सांगून तिला सुटता आले नाही.

'चूक वापरणाऱ्याची' हा दावा मोटारींच्या बाबतीतही एकेकाळी असाच मिरवत होता. अपघात चालकाच्या बेपर्वाईने होतात, तेव्हा चालकाला शिकवा, गाडीला हात लावू नका, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. धडकेत छातीत घुसणारा स्टिअरिंगचा दांडा मात्र शिकवल्याने सुधारणारा नव्हता. दाबाखाली मुडपणारा दांडा आणि सीटबेल्ट अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना सक्तीचे झाले. चालक पूर्वीइतकेच चुकत राहिले, तरी गाडीतल्या माणसाच्या जगण्याची शक्यता वाढली.

ई-सिगारेटबाबतची मागणीही तेवढीच साधी आहे. विद्युतप्रवाह वेळीच तोडणारे सर्किट सक्तीचे असावे, सेल काढता येऊ नये, दाब तोंडाच्या विरुद्ध दिशेने सुटावा आणि सदोष माल परत घ्यावा लागावा.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद केली आहे. म्हणून इथे हा प्रश्नच नाही, असेही ऐकू येते. पण बंदी असूनही चोरून आलेल्या मालाला पावती नसते, हमी नसते आणि तो परत मागवायलाही कुणी बसलेले नसते, त्यामुळे इथल्या ग्राहकाचा धोका उलट वाढतो. या इजा मोजता याव्यात म्हणून जळीत कक्षांनी निदान अशा रुग्णाच्या केसपेपरवर नुसते 'भाजले' असे न लिहिता कशाने भाजले तेही लिहावे.