डावीकडच्या शून्याची किंमत

शाळेत आपण शिकलो, आकड्याच्या उजवीकडचं शून्य दहापट भाव खातं आणि डावीकडचं म्हणजे नुसती खोगीरभरती. गणितात ते खरंही आहे. कॉम्प्युटरवर मात्र हेच शून्य उडालं, की सॉलिड लोच्या होतो. तोही ऐन पगाराच्या दिवशी!

समजा, तुमचा खाते नंबर शून्याने सुरू होतो. एचआरवाल्यांनी तो एक्सेलमध्ये टाइप केला, की एक्सेल त्याला आकडा समजतं आणि पुढचं शून्य गुपचूप गिळतं. फाइल बँकेत जाते, खातं काही जुळत नाही. सगळ्यांचे मोबाइल वाजतात, तुमचा गप्प!

फंडा सोपा आहे, मंडळी. ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही, तो आकडा नव्हे, ते नाव! मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२०, ताडदेव आरटीओची एमएच ०१, ही सगळी नावंच. म्हणून टाइप करण्याआधीच कॉलमचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. नंतर केलात, तर गेलेलं शून्य परत येत नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने शून्यं न उडवण्याची सेटिंग दिली, पण ती तुम्हालाच बदलावी लागते.

कोड लिहिणाऱ्यांची गोष्ट उलटी, त्यांना शून्यं मुद्दाम लावावी लागतात. फाइलना १, २, १० अशी नावं दिलीत आणि अक्षरवार लावलीत, तर १ नंतर थेट १० येतो. सीच्या प्रिंटएफला 'पर्सेंट शून्य तीन डी' सांगा, ७ चा ००७ होतो. एकदम जेम्स बाँड! पायथॉनमध्ये हेच काम 'झेडफिल' करतं, जावास्क्रिप्टमध्ये 'पॅडस्टार्ट'. फक्त किती घरं लागतील ते आधी ठरवा. तीनच ठेवलीत, तर १००० नंबरची फाइल १०० आणि १०१ च्या मध्ये घुसते.

आणि हो, ही शून्यं दाखवण्यापुरतीच. कोडमध्ये आकड्याआधी शून्य लिहू नका. सीमध्ये ०१० म्हणजे दहा नव्हे, आठ! पुढे शून्य दिसलं, की सी तो आकडा आठच्या पटीत मोजते. पायथॉन ३ तर सरळ एररच देतं.

तेव्हा पगाराची शीट पाठवण्याआधी एक नजर टाका. खाते नंबर सेलच्या उजव्या कडेला चिकटलेले दिसले, तर एक्सेलने बहुधा त्यांना आकडे मानलंय. एखाद्याचं शून्य तिथेच गळालेलं असू शकतं, आणि त्याचा ईएमआय काही थांबत नाही!