विश्लेषण : परभणीतील कोठडी मृत्यू प्रकरण, गुन्हा नोंदवण्यासाठी साडेसात महिने का लागले? संविधानाची मूलभूत चौकट काय सांगते?

परभणी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोर असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. या मृत्यूप्रकरणी पोलिसांवर गुन्हा नोंदवावा, हा आदेश कायम होईपर्यंत ३० जुलै २०२५ उजाडला. संविधानाच्या सन्मानासाठी सुरू झालेले हे प्रकरण त्यामुळे संविधानातील हक्क कोठडीच्या दाराआड किती टिकतात, या प्रश्नावर येऊन ठेपले.

प्रतिकृतीची विटंबना हा कोणता गुन्हा?

राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ मध्ये झाला. त्याच्या कलम २ नुसार सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रध्वज किंवा भारताचे संविधान जाळणे, फाडणे, विद्रूप करणे, तुडवणे किंवा त्याचा अवमान करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परभणीतील संशयिताला त्याच दिवशी ताब्यात घेण्यात आले. तो मनोरुग्ण असल्याची माहिती मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली होती.

याच कलमात एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. कायदेशीर मार्गाने बदल घडवून आणण्यासाठी संविधानावर टीका करणे किंवा नापसंती व्यक्त करणे हा गुन्हा ठरत नाही. म्हणजे कायद्याने संविधानाला सन्मान दिला, पण चिकित्सेपलीकडे नेऊन ठेवले नाही.

परभणीकरांसाठी संविधान इतके जवळचे का?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देश स्वतंत्र झाल्यानंतरही वर्षभराहून अधिक काळ इथली जनता संस्थानी राजवटीची प्रजा होती. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते लागू झाले, तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्याचा भाग होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, पण ‘प्रजे’ची ‘नागरिक’ झाली ती संविधानामुळे. ज्यांना जातीमुळे पाणवठ्यावर आणि मंदिरात मज्जाव होता, त्यांच्यासाठी अस्पृश्यता नष्ट करणारे अनुच्छेद १७ आणि समानतेचे अनुच्छेद १४ हा जगण्यातला फरक होता. मराठवाड्यातील आंबेडकरी वस्त्यांमध्ये या ग्रंथाशी असलेले नाते म्हणूनच भावनेपुरते मर्यादित नाही.

संविधानाची रचना कशी आहे?

मूळ संविधानात २२ भाग, ३९५ अनुच्छेद आणि ८ परिशिष्टे होती. आज परिशिष्टे १२ आहेत आणि आतापर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या आहेत. उद्देशिका संविधानाचे ध्येय सांगते : न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता. भाग ३ मध्ये मूलभूत हक्क, भाग ४ मध्ये राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आणि भाग ४-क मध्ये मूलभूत कर्तव्ये आहेत. भाग ५ केंद्राची व भाग ६ राज्यांची यंत्रणा उभी करतो.

सातव्या परिशिष्टात केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांची वाटणी आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि कारागृहे हे तिन्ही विषय राज्यसूचीत येतात. फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया मात्र समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे परभणीतील पोलीस आणि तुरुंग राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात, तर अटक कशी करायची याचा नियम संसदेने केलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

या प्रकरणात कोणते हक्क पणाला लागले?

शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. हिंसाचार टाळणे आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे हे अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. त्यामुळे जाळपोळ करणाऱ्यांवर कारवाई करण्याचा अधिकार पोलिसांना आहेच. प्रश्न त्यानंतरचा आहे.

अटक झाली म्हणून व्यक्तीचे हक्क संपत नाहीत. अनुच्छेद २० नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २२ नुसार त्याला अटकेची कारणे सांगावी लागतात, वकील भेटू द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. अनुच्छेद २१ सांगते की कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. ही प्रक्रिया न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात लावला.

पोलीस कोठडीत आरोपी तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात असतो, न्यायालयीन कोठडीत तुरुंग प्रशासनाच्या. दोन्ही ठिकाणी त्याच्या जिवाची जबाबदारी राज्याचीच असते. कोठडीत मृत्यू झाल्यास मृताच्या कुटुंबाला भरपाई मिळू शकते, असा निर्णय १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा खटल्यात झाला. अटकेबाबतचे सविस्तर दंडक डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये ठरले.

मग गुन्हा नोंदवायला इतका काळ का लागला?

एका मृत्यूच्या चौकशीचे अनेक रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा शेवट वेगळा होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी बंधनकारक आहे. परभणी प्रकरणात ती झाली आणि अहवालात पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू झाल्याचे मत नोंदवण्यात आले होते. मात्र मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मारहाणीचा आरोप नाकारला, मृताला श्वसनाचा आजार असल्याचे सांगितले आणि न्यायालयीन चौकशीची घोषणा केली. त्यानुसार निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोग नेमण्यात आला.

अडचण अशी, की चौकशी आयोगाचा अहवाल शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. तो सरकारवर बंधनकारक नसतो. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर पुढचे पाऊल कोणी आणि किती दिवसांत उचलायचे, हे कलम १९६ स्पष्ट करत नाही. फौजदारी खटल्याची वाट प्रथम खबरी अहवालातूनच सुरू होते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केले होते. पण इथे गुन्हा नोंदवणारे पोलीस आणि ज्यांच्यावर आरोप ते पोलीस, दोघे एकाच खात्यातले होते.

अखेर मृताच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी एका आठवड्यात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरोधात राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ३० जुलै रोजी आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार मिळाला. आरोप सिद्ध झाला असा याचा अर्थ नाही. कोण दोषी, हे तपास आणि खटल्यानंतरच ठरेल. पण खटल्याचे दार उघडायलाच साडेसात महिने गेले.

‘मूलभूत चौकट’ इथे कशी लागू होते?

केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ मतांनी निर्णय दिला : संसदेला संविधानात दुरुस्ती करता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. या चौकटीची बंद यादी न्यायालयाने दिलेली नाही. संविधानाची सर्वोच्चता, कायद्याचे राज्य, सत्ताविभाजन, संघराज्य, धर्मनिरपेक्षता, मुक्त निवडणुका, न्यायालयीन पुनर्विलोकन हे तिचे घटक वेगवेगळ्या निकालांतून पुढे आले.

परभणीतील आईने वापरलेला मार्ग हा या चौकटीचाच भाग आहे. अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयांचा आणि अनुच्छेद ३२ खालील सर्वोच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार कोणत्याही घटनादुरुस्तीने काढून घेता येणार नाही, असे १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात ठरले. हा अधिकार नसता, तर सरकारी चौकशीचा शब्द शेवटचा ठरला असता.

याचा अनुभव देशाने घेतला आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क नाकारला. त्यानंतर १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. तो जुना निकाल २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने चुकीचा ठरवला.

उणिवा कुठे आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही. कोठडीतील छळासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा तपास पोलिसांनीच करण्याची पद्धत कायम आहे. कलम १९६ नंतरच्या कार्यवाहीला मुदत घातली, तर पुढच्या प्रकरणात एखाद्या कुटुंबाला गुन्हा नोंदवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागणार नाही. हे काम संसद करू शकते, आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य विधिमंडळही.

अटक झाल्यास सामान्य माणसाने काय लक्षात ठेवावे?

अटकेची कारणे सांगणे आणि नातेवाइकांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी. अंगावर जखमा असतील तर त्या तिथे नोंदवून घ्याव्यात. दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केल्यावर मारहाणीची तक्रार थेट त्यांच्याकडे करता येते. वकील करण्याची ऐपत असो वा नसो, कोठडीतील व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात नातेवाईकही अर्ज करू शकतात.