आधी अस्सल मासोळी वाचवा

सुट्टीच्या दिवशी बदलापूरला उल्हास नदीवर गेलात तर काही तरुणांच्या गळाला गांडूळ दिसत नाही, रंगीत खोटी मासोळी दिसते. परदेशी व्हिडिओ पाहून लागलेला हा शौक. मला त्यात वाईट काही वाटत नाही. जिवंत मासोळी आकडीत टोचण्यापेक्षा खोटी केव्हाही बरी.

या विद्येचा नामांकित नमुना कॅनडातला. 1930च्या दशकात निपिगॉन नदीवर डॉन गेपन यांनी ट्राउट माशासाठी ‘मडलर मिनो’ तयार केली. त्या नदीच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला, रुंद डोक्याची एक बारीक मासोळी राहते. तिची ही नक्कल. टर्कीच्या पिसांचे पंख आणि हरणाचे केस कातरून केलेले डोके. पाण्यात ती झटके देत, मध्येच थांबत ओढायची, म्हणजे मोठ्या माशाला ती घाबरलेली मासोळी वाटते. गेपन यांनी आधी नदीतली मासोळी नीट पाहिली, मग पिसे हातात घेतली.

नक्कल आणि अस्सल हे दोन्ही शब्द मूळ अरबी. उर्दूत आणि मराठीत सारखेच घरचे झालेले. वर्गात मी मुलांना सांगतो, अस्सल समोर असेल तरच नक्कल करता येते. आपल्याकडे ते अस्सल कुठे उरले आहे?

वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरात येते. सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने पोटात घेऊन तिचा नाला झाला. तिथे कितीही महागडी खोटी मासोळी टाका, खाणार कोण? उल्हास नदीत मासा अजून आहे, पण जलपर्णी आणि सांडपाणी तिथेही पोहोचले आहे.

शिवाय वलगण आहेच. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. नेमके तेव्हाच आपण जाळी, पाट्या घेऊन धावतो आणि गाभोळीने भरलेली मासळी मिटक्या मारत खातो. पुढच्या वर्षीची मासोळी तिथेच संपते.

म्हणून गळवाल्या तरुणांना माझे सांगणे आहे. नदीकाठी तासन् तास बसणारे तुम्हीच. पाण्याचा रंग बदलला, मासे मेलेले दिसले, तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. आणि येत्या वलगणीला चढणारा मासा सोडून द्या. घरच्या मोठ्यांनाही तेवढे समजावा.