बारीक जाळीचा आग्रह धरायलाच हवा

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरजवळच्या फियॉर्डमध्ये ‘स्लाइप्नर ए’ या सागरी वायूप्रकल्पाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. सुमारे ६५ मीटर खोलीवर आतली एक भिंत फुटली, पाणी घुसले आणि अख्खा पाया तळाशी आदळून चक्काचूर झाला. माणसे वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे.

चूक होती भिंतींवरचा ताण काढणाऱ्या संगणकी गणितात. अशा गणितात बांधकामाचे हजारो छोटे तुकडे पाडतात. ती जाळी, म्हणजे मेश. भिंतीवर पाण्याचा दाब किती, आधार कुठे, या झाल्या सीमा-अटी. स्लाइप्नरमध्ये दाब पेलणाऱ्या नेमक्या कोपऱ्यात जाळी भरड आणि वेडीवाकडी होती. त्यामुळे शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा ताण, सुमारे ४७ टक्क्यांनी कमी दिसला. भिंती पातळ राहिल्या, सळया तोकड्या पडल्या.

अपघातानंतर बारीक जाळीवर पुन्हा गणित केले, तेव्हा भिंत फुटण्याच्या खोलीचे उत्तर आले ६२ मीटर. म्हणजे धोका आधीच दिसू शकला असता!

आज आपली धरणे, पूल, मेट्रोचे बोगदे याच पद्धतीने तपासले जातात. सॉफ्टवेअरची रंगीत चित्रे पाहून मान डोलावणे पुरेसे नाही. सीमेलगतची जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलते का, हे दुसऱ्या, स्वतंत्र अभियंत्याने पाहिल्याशिवाय एकाही सार्वजनिक आराखड्याला मंजुरी मिळू नये.